बाराव्या घरातलं वाक्य

बुधवारी दुपारी बारामतीच्या शाळेतून फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते. फोन खांद्याने कानाला दाबून धरला. पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, सोमवारी साडेदहाला या, नववीच्या वर्गावर पाठ घ्यायचाय, विषय फ्युचर परफेक्ट कंटिन्यूअस टेन्स. मी हो मॅडम, हो मॅडम करत राहिले आणि तव्यावरची भाकरी करपली. बाहेरून आत्याने विचारलं, कुणाचा फोन? मी म्हटलं, मोबाइल कंपनीचा, नवीन काहीतरी गळ्यात मारतायत.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, भागूबाई. आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन मी निमगाव केतकीला आले तेव्हापासून मी त्यांना आत्याच म्हणते आणि इथल्या रीतीप्रमाणे अगंतुगंही करते. बाई कष्टाळू, पण तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. मागच्या वर्षी याच शाळेत मी पाठ घ्यायला गेले होते. तेव्हा विषय होता पॅसिव्ह व्हॉइस. गाइडातली वाक्यं मी धडाधड फळ्यावर उतरवली. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, मॅडम, हे वापरायचं कधी? डस्टर हातातून पडलं, ते उचलायला वाकले आणि वाकलेलीच राहावंसं वाटलं. घरी येऊन आत्याला खरं ते सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं होतं की सावळारामच्या सुनेची बोबडी वळली. बाजारात गवारीवाली म्हणाली, जाऊ द्या वैनी, समद्यास्नीच जमतंय आसं न्हाय. तिची गवार न घेताच मी परत आले आणि ठरवलं की पुन्हा जाईन ती कुणाला न सांगता.

या वेळी फक्त सुयोगला, माझ्या नवऱ्याला, माहीत होतं. तो पानांच्या करंड्या पिकअपमधून बाजाराला नेतो. पोरगा सरळ आहे, पण आईसमोर त्याचंही तोंड उघडत नाही. मॅडमनी फोनवर हेही सांगितलं होतं की जागा एकच आहे आणि यंदा भरली की पुढची काही वर्षं निघायची नाही. मी एकतीस वर्षांची. बी.ए. इंग्रजी घेऊन केलंय, बी.एड. केलंय आणि करते काय, तर अंगठ्याला लोखंडी नखी अडकवून विड्याची पानं खुडते. ही नोकरी मला हवी होती. दुसरं काहीही नसलं तरी चालेल, इतकी हवी होती.

आता त्या काळाबद्दल. इंग्रजीचे बारा काळ आम्ही सातवीत तक्त्यावरून पाठ केले. तीन ओळी, चार रकाने, बारा घरं. सर रोज एक घर घ्यायचे. अकरा घरं झाली, आणि बाराव्यापाशी येऊन त्यांनी खडू खिशात टाकला. म्हणाले, हे परीक्षेला येत नाही. पुढे ज्युनिअरला, सीनिअरला, बी.एड.ला, प्रत्येकाने तिथेच खडू खिशात टाकला. माझ्याजवळ त्या घरातलं एकच वाक्य होतं, गाइडातलं: ही विल हॅव बीन प्लेइंग क्रिकेट फॉर टू अवर्स. वीस वर्षं झाली, ह्या बाबाचे दोन तास काही संपलेले नाहीत. तो का खेळतोय, त्याला घरी बोलवायला कुणी का येत नाही, आणि हे मी नववीच्या पोरांना कशासाठी सांगायचं, यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं.

आणि गुरुवारपासून आमची उतरण होती.

उतरण म्हणजे पानमळ्यातलं सगळ्यात मोठं काम. वर्षभर वेल शेवरीच्या झाडावर चढत राहतो, खालचं अंग उघडं पडतं. मग पानं खुडून घ्यायची, वेल झाडावरून हलक्या हाताने सोडवून खाली घ्यायचा, उघड्या अंगाचं वेटोळं करून मातीत दाबायचं आणि शेंडा पुन्हा झाडाला भिजवलेल्या लव्हाळ्याने बांधायचा. सोडवलेला वेल त्याच दिवशी बांधला पाहिजे. उन्हात पडून राहिला तर मान टाकतो, आणि गेला की पुन्हा लावून दोन वर्षं वाट बघायची. सोडवायला सोपानतात्या येतात. आख्ख्या गावात त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. बांधायला आम्ही घरच्या बायका, म्हणजे आत्या आणि मी. चार दिवस सकाळी सात ते दिवस मावळेपर्यंत. सोमवारची तयारी मी करायची केव्हा?

बुधवारची संध्याकाळ मी नुसती घरातून अंगणात आणि अंगणातून घरात करत काढली. सहा वर्षांची माझी सोनम म्हणाली, आई, तुला शू लागलीय का?

गुरुवारी सकाळी आत्या लव्हाळं भिजवत होती. मी चुलीपाशी उभी राहून म्हटलं, आत्या, मला अडचण आहे.

आमच्या घरात आता हे कुणी पाळत नाही. मी स्वयंपाक करते, पाणी भरते, देवाला तेवढं सोनमकडून फूल वाहून घेते. पण मळा पाळतो. पानमळ्यात कुणीच चपला घालून जात नाही, आणि अडचण असलेल्या बाईने चार दिवस त्याच्या बांधाच्या आत पाऊल टाकायचं नाही. वेल वाळतो म्हणतात. मी बी.एड. केलेली बाई, हे सगळं थोतांड आहे हे मला कळतं. पण त्या सकाळी ते थोतांड मला फार उपयोगाचं वाटलं, हे कबूल करते.

आत्याने लव्हाळं पिळलं. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "आवसंला झाली हुतीस की."

होळी होऊन तिसरा दिवस होता. अमावस्येला जेमतेम अठरा दिवस झाले होते. मी म्हटलं, कधीकधी होतं लवकर, उष्णतेनं. आत्याने "बरं" म्हटलं, माझ्या वाटणीचं लव्हाळंही स्वतःच्या पाटीत टाकलं आणि गेली. आबांना, म्हणजे सासऱ्यांना, तिने बाहेर एवढंच सांगितलं की ती चार दिवस यायची न्हाय. आबांनी का म्हणून विचारलं नाही. ह्या बाबतीत आमच्या गावात कुठलाच पुरुष कधी काही विचारत नाही. ते जमिनीकडे बघतात आणि विषय तिथेच संपतो.

मिळाले की नाही चार दिवस? मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. भाकऱ्या थापल्या, सोनमला शाळेत सोडलं आणि पडवीच्या पत्र्यावर खडूने बारावं घर काढून बसले. पण बसणं काही जमेना. एक वाक्य लिहायचं, उठायचं. पाणी प्यायचं, पुसायचं. मोबाइलवर एका पोरीचा व्हिडिओ बघितला, ती म्हणत होती की २०३० सालापर्यंत मी लंडनमध्ये पाच वर्षं राहत आलेली असेन. राहा बाई. मला सोमवारी बारामतीला जायचं होतं. नियम मला पाठ होता, क्रियापदाची सगळी शेपटी पाठ होती. आणि डोळ्यांपुढे ती मागच्या वर्षीची मुलगी उभी राहून विचारत होती, वापरायचं कधी?

दुपारी जेवण घेऊन मी बांधापर्यंत गेले. आत जायचं नाही, म्हणून कडेला टोपली ठेवून हाक मारायची. बांधाला चपला ओळीने काढलेल्या होत्या. सोपानतात्यांच्या, आबांच्या, आणि आत्याची निळी रबरी चप्पल, जिच्या अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेली आहे. तिथून मला आत्या दिसत होती. ती माझी आणि स्वतःची अशा दोन ओळी बांधत होती. एका झाडापाशी बसायची, वेटोळं मातीत दाबायची, मग झाडाला धरून उठायची, हात वर करून शेंडा बांधायची, पुन्हा बसायची. बासष्ट वर्षांचे गुडघे. प्रत्येक वेळी उठताना ती झाडाला असा हात लावायची, जसा कुणाच्या खांद्याला लावतात.

शुक्रवारीही तेच झालं. मी सतरा वाक्यं पाठ केली आणि एकही मला माझं वाटेना. संध्याकाळी आत्या घरी आली, तिने बोटं कोमट पाण्यात बुडवून ठेवली. कांडी सुजली होती. मी म्हटलं, तेल लावून देऊ? ती म्हणाली, नको, तू बस. त्या "बस"मध्ये काय होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही, नुसतं टोचलं.

शनिवारी रंगपंचमी होती. माझ्या जागी बांधू लागायला सोपानतात्यांच्या हाताखालचे दोघं गडी येतो म्हणाले आणि आले नाहीत. रंग खेळायला गेले. तात्यांना ते दहा वाजता कळलं, तोवर त्यांनी अख्खी ओळ सोडवून खाली घेतली होती. मी बाराला जेवण घेऊन गेले तर मळ्यात वेलच वेल पसरलेले. पानं खुडलेले, हिरवे, लांबच लांब, झाडाच्या बुडाशी उन्हात पडलेले. मार्चचं ऊन, पण अंग भाजत होतं. आबा वाकून बांधत होते, पण त्यांच्या गाठी सैल बसतात. तात्या स्वतःवर चरफडत होते. आत्या ओळीच्या मध्यावर होती. एका वेलाची पुढची टोकं मऊ पडायला लागलेली मला बांधावरूनही दिसली.

मी टोपली खाली ठेवली. हाक मारली नाही. पायात चपला तशाच. डोक्यात भराभर हिशेब चालला होता. आत गेले तर अडचणीच्या तिसऱ्या दिवशी सून मळ्यात शिरली, आणि उद्या एखादा वेल जरी मेला तर जन्मभर माझ्या नावावर. खोटं बोलले म्हणावं, तर का बोलले ते सांगावं लागणार, मग पाठाचं निघणार, मग आळी, मग गवारीवाली. आणि नाही गेले तर? नाही गेले तर मी शिकलेली बाई बांधावर उभी राहून वेल मरताना बघणार होते. मला स्वतःचीच किळस आली, असं सरळ सांगते.

चपला काढल्या आणि आत गेले.

सोपानतात्या पहिल्यांदा थांबले. त्यांच्या हातात अर्धा बांधलेला वेल होता, तो त्यांनी तसाच धरून ठेवला आणि दोन पावलं मागे सरले. म्हणाले, "सावळाराम, ही काय नवी रीत म्हनायची? मी वेलाला हात लावनार न्हाय मग."

आबा उठून उभे राहिले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या बोलली. उठली नाही, हातातली गाठ सोडली नाही.

"तिला काय बी न्हाय. कंबर धरली हुती तिची, म्हनून मीच घरी बस म्हनले. तुमी समद्यांनी मनानंच कायबाय धरलं. तात्या, वेल धरून हुबं ऱ्हाऊ नगा, ऊन हाय."

तात्या जमिनीकडे बघायला लागले. आबाही. विषय तिथेच संपला. मी आत्याच्या शेजारच्या झाडाशी जाऊन बसले आणि वेटोळं करायला घेतलं. चारपाच झाडं झाली, तात्या लांब गेले, तेव्हा मी हळू आवाजात म्हटलं, आत्या, मी खोटं बोलले होते.

"ठावं हाय. आवस मला मोजता येती."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. आत्याने दातांनी लव्हाळं चिरलं. मग जे बोलली ते अगदी सहज, भाजीत काय घातलंय ते सांगावं तसं. "तुला काय वाटलं, ही वाट तू काढलीस? माझ्या सासूनं काढलेली न्हाय, तिच्या सासूनं बी न्हाय. बाईला घरात सुटी न्हाय, पर मळ्याला ती चार दिस चालत न्हाय. मग कुनी झोपाया बोलतंय, कुनी म्हायेराला जायाला. मी भावाच्या लग्नाला बोलली हुती. एकदा तर नुसतीच बोलली, काय काम नव्हतं, पिपरीच्या झाडाखाली बसून ऱ्हायले दिसभर." मग थांबून म्हणाली, "पर उतरनीत न्हाय, मोनाली. उतरनीत कुनी बोलत न्हाय. उतरनीत बाई बोलली, की दुसऱ्या बाईच्या अंगावर पडतं ते."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. माझे कान तापले. मी चार दिवसांची युक्ती काढली म्हणून स्वतःची पाठ थोपटली होती, आणि ती युक्ती चारपाच पिढ्यांची निघाली, तिला कायदाही होता, आणि तो मी मोडला होता. मी तिला मग सगळं सांगितलं. बारामती, सोमवार, साडेदहा.

"मागल्या सालावानी?" ती म्हणाली.

मला राग आलाच. मी म्हटलं, मागल्या साली तू आळीभर केलंस म्हणून तर लपवलं. आणखी दोन झाडं बांधून झाली. शेवटी ती म्हणाली की तेव्हा तिला वाटलं होतं, चार बायांना सांगितलं की दुःख वाटून जाईल. तिचं दुःख ती तसंच वाटत आलीय. माझं वाटायचं नव्हतं हे तिला कोण सांगणार होतं? दिवस मावळला तेव्हा ओळ पुरी झाली होती. मऊ पडलेल्या वेलावर आबांनी ओलं पोतं टाकलं.

रविवारी मी सकाळी सातपासून मळ्यात होते. पुस्तक घरी, खडू घरी. बांधायचं, बसायचं, उठायचं. मधेच माझ्या अंगठ्यात नखी घुसली, चिंधी बांधून पुन्हा बसले. आणि डोकं मात्र ठिकाणावर नाही. उद्याचा वर्ग, उद्याची पोरं, तो क्रिकेट खेळणारा माणूस. गाठ दोनदा चुकली तेव्हा आत्या म्हणाली, "काय शिकवायचं हाय त्ये मला तरी सांग. डोस्क्यातलं बाहीर काड, मंजी हात चालंल."

मी सांगायला लागले. म्हटलं, आत्या, पुढचा एक दिवस धरायचा. अजून न आलेला. त्या दिवसावर जाऊन उभं राहायचं आणि मागं बघायचं, की हे काम किती दिवसांपासून चाललंय. आणि त्या दिवशीही ते संपलेलं नसतं, चालूच असतं. ते सांगायला इंग्रजीत एक वेगळी तऱ्हा आहे.

आत्या शेंडा बांधत होती. हात वर, तोंड आभाळाकडे. म्हणाली, "आसं व्हय. येत्या दसऱ्याला मला हितं पानं खुडाया लागून चव्वेचाळीस वर्सं होत्याल, आन दसऱ्याला बी मी खुडतच आसन."

माझ्या हातातलं लव्हाळं तसंच राहिलं.

तिने गाठ मारली, खाली बसली आणि पुढचं वाक्य माझ्याकडे न बघताच बोलली. "माझी अडचन सरून चवदा वर्सं होत्याल. तवापास्नं एक दिस सुटी न्हाय. खोटं बोलायची बी सोय ऱ्हायली न्हाय." आणि हसली. "ह्याला विंग्रजी कशाला लागती गं?"

मी हसले नाही. मला भीती वाटली. आत्या अठराव्या वर्षी आली होती, मी तेविसाव्या. मी मनातच दसरे मोजायला लागले. सोनमचं लग्न होईल तेव्हा मला एवढी वर्षं झालेली असतील. सुयोग साठीचा होईल तेव्हा एवढी. आणि प्रत्येक वेळी मी ह्याच मळ्यात, हात वर, तोंड आभाळाकडे. वीस वर्षं कोरं राहिलेलं ते बारावं घर एकदम भरलं आणि त्यात मीच बसलेली दिसले. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. पण ओळ अर्धी बाकी होती.

सोमवारी आठच्या एसटीने निघाले. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. त्या मी बांधते, तू जा, असं आत्याच म्हणाली. जाताना तिने माझ्या हातांकडे बघितलं. पानांचा डाग नखांत बसला की आठ दिवस निघत नाही. लिंबू चोळ म्हणाली. मी चोळलं, काही फरक पडला नाही.

वर्गात चाळीस पोरं होती. मागच्या बाकावर मॅडम वही घेऊन बसल्या होत्या. मी सवयीने फळ्यावर क्रिकेटचं वाक्य लिहिलं. पोरांनी ते वहीत उतरवायलाही सुरुवात केली. मग ऋषिराज नावाचा एक उंच मुलगा म्हणाला, मॅडम, हे आमच्या गाइडात पण आहे, पण हे असं बोलतं कोण?

तीच जागा, तोच प्रश्न. मी डस्टर घट्ट धरलं आणि वाक्य पुसलं. मग त्याच जागी इंग्रजीत लिहिलं की येत्या दसऱ्याला माझ्या सासूबाईंना पानं खुडायला लागून चव्वेचाळीस वर्षं झालेली असतील. म्हटलं, हे असं माझी सासू बोलते. काल बोलली. आणि दसऱ्याला त्या थांबणार नाहीत, खुडतच असतील, म्हणून वाक्याची शेपटी अशी लांब आहे.

मग पोरं बोलतच सुटली. ऋषिराज म्हणाला, मे महिन्यात त्याच्या चुलत्यांना कारखान्याला ऊस वाहायला लागून अकरा वर्षं झालेली असतील. एकाची आई शिवणाच्या मशिनवर, एकाचा भाऊ पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळतोय. चुका होत होत्या, मी दुरुस्त करत होते, आणि माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता इतका मोकळा निघत होता. शेवटी मी दुसरं वाक्य लिहिलं. त्याच दसऱ्याला त्या चौदा वर्षं एकही सुट्टी न घेता काम करत आलेल्या असतील.

श्रेया नावाची एक मुलगी ते वाचून म्हणाली, "मॅडम, चौदा वर्षांत एकही नाही? का?"

मी म्हटलं, त्यांना मागता येत नाही. ती म्हणाली, "मग तुम्ही द्या ना."

पोरं हसली. घंटा झाली. बाहेर मॅडमनी माझ्या चिंधी बांधलेल्या अंगठ्याकडे बघितलं, पुस्तकातली वाक्यं का घेतली नाहीत असं विचारलं, आणि मी उत्तर जुळवायच्या आत म्हणाल्या, आठ दिवसांत कागदपत्रं घेऊन या, जूनमध्ये रुजू व्हा. मी थँक्यू मॅडम म्हणाले ते बहुतेक तीनदा.

आनंद झाला का? झाला. एसटीत बसल्यावर डोळे भरून आले, सुयोगला फोन केला, तो "खरं?" एवढंच म्हणाला आणि त्याचाही आवाज बदलला. पण जिवाला थारा काही मिळेना. खिडकीतून ऊस मागे जात होता, मळे मागे जात होते, आणि मी त्या वाक्यातून उठून चालले होते. आत्या त्यातच बसून राहणार होती. वर माझ्या वाटणीच्या ओळीही तिच्याच अंगावर. उतरणीत मी चार दिवसांसाठी खोटं बोलले, आणि आता जूनपासून रोज खरं बोलून तेच करणार होते. श्रेयाचं बोलणं डोक्यातून जाईना.

निमगावला उतरले ती घरी न जाता तशीच चांगल्या साडीवर मळ्याकडे गेले. चारचं ऊन होतं. बांधाला चपला ओळीने. माझी काढून शेजारी ठेवली. आत्या शेवटच्या झाडापाशी होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं.

"बोबडी न्हाय वळली?"

न्हाय, म्हटलं. जूनपासून जायचंय. तिने मान हलवली, शेंड्याची गाठ मारली आणि म्हणाली, मग दसऱ्याला तू न्हायस. मी म्हटलं, रविवारी असेन. थोड्या वेळाने तिने विचारलं, तिथं रजा मिळती का? मी म्हटलं, मिळते, अर्ज लिहून द्यायचा, अंगात कणकण आहे म्हणून. आत्याला हसू आलं. "तितं बी खोटंच," ती म्हणाली, आणि झाडाला धरून उठली.

शेवटचा वेल बांधून झाला होता. सोपानतात्या कोयता पुसत होते. आबा त्यांच्याशी उद्याच्या पाण्याचं बोलत होते, सकाळी लवकर या, भागूला घेऊन पहिलं पाणी देऊ.

मी म्हटलं, "आबा, उद्यापासून चार दिवस आत्या मळ्यात येणार नाहीत."

"का?" आबांच्या तोंडून निघून गेलं.

"अडचण आहे त्यांना."

सोपानतात्यांचा हात कोयत्यावर थांबला. आबांनी एकदा आत्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. बासष्ट वर्षांची बायको. त्यांचे ओठ हलले, काहीतरी विचारायचं होतं. पण ते विचारायची रीत आमच्या गावात नाही. त्यांनी जमिनीकडे बघितलं. तात्यांनीही बघितलं. मग आबा म्हणाले, बरं, मी आन सुयोग देऊ पानी.

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. तोंड लाल झालेलं. मला वाटलं, आता ही बोलणार, आता माझं काही खरं नाही. तिने कमरेची नखी सोडली आणि माझ्या हातात दिली. पदराने तोंड पुसलं, बांधापर्यंत गेली, पिन लावलेली निळी चप्पल पायात घातली. तिथे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पाचव्या दिशी डोकं धुऊन यीन."

आणि चपला फटफटवत ती निघाली. घराच्या वाटेला लागली नाही, ओढ्याकाठच्या पिपरीकडे गेली.